रविवारी सकाळी दुखणारं पोट

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्या पालकांनाही कळेल. मुलीला दहावीला ९३ टक्के. आता अकरावी सायन्स, कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली. पर्याय खुले राहावेत म्हणून गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही ग्रुप ठेवलेले. सकाळी पावणेसातला घर सोडते, संध्याकाळी साडेसातला येते. दर रविवारी टेस्ट, आणि रात्री पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या रँकची यादी. काही महिन्यांपासून रविवारी सकाळी पोट दुखतं, मळमळतं. जेवण कमी झालंय. रात्री एकपर्यंत पुस्तक उघडं असतं, पण पान उलटत नाही. मिस्टर म्हणतात, "सगळीच मुलं करतात, हिलाच काय झालंय?" आणि शेवटी तुम्ही लिहिता: "परवा भांडणात म्हणाली, मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते. रागात बोलली असेल."

रागात बोलली असेलही. पण असं वाक्य घरात आलं की अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ विचारायचं. आजच, ती एकटी असताना, टीव्ही बंद करून. "परवा तू म्हणालीस ना, मी नसते तर, ते माझ्या मनातून जात नाहीये. तुला खरंच मरावंसं, सगळं संपवावंसं वाटतं का कधी?" एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. विचारल्याने नसलेला विचार मुलांच्या डोक्यात शिरतो, अशी भीती जवळपास प्रत्येक आईला वाटते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी हे तोंडावर विचारलं याचं बहुतेक मुलांना हायसं वाटतं.

"नाही गं, असंच बोलले" असं उत्तर आलं तर ठीक, पुढे वाचा. "हो, कधी कधी वाटतं" असं आलं, किंवा ती नुसती रडायला लागली, तर उपदेश नको, देवाच्या शपथा नकोत, "आमचा विचार कर" तर नकोच. जवळ बसा, तिला एकटं ठेवू नका. घरातल्या गोळ्या, आणि गावाकडे शेती असेल तर फवारणीची औषधं, कुलपात जाऊ द्या. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि पालकही फोन करू शकतात. मुलांसाठीचा १०९८ ही आहे. एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. आणि कसं करायचं याचा तिने विचारही केला आहे असं कळलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पोट. ते नाटक नाही. भीतीच्या वेळी शरीर रक्त हातापायांकडे वळवतं, पचन मंदावतं, आतड्यांचे स्नायू आवळतात. त्यातून खरोखरची कळ येते आणि खरोखर मळमळतं. शनिवारी रात्री नीट जेवलेली मुलगी रविवारी सकाळी बाथरूममध्ये बसून राहते, त्यामागे हेच असतं. "टेस्ट बुडवायला करते" असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. तरीही आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, पाळीबद्दल विचारा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला होता. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊ आहे तिला "मन एकाग्र कर" सांगून काय होणार? मी तरी थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलींशी, रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय, अभ्यासाच्या सवयींबद्दल फारसं बोलत नाही.

रिपोर्ट ठीक आले तर अकरावी नावाच्या कड्याकडे येऊ. दहावीला शंभरातले २० गुण शाळेच्या हातात असतात, टक्के काढताना उत्तम पाच विषय धरले जातात, आणि प्रश्नांची ठेवण मुलांना पाठ असते. तिथून मूल थेट अशा पेपरसमोर येतं जिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. शिवाय वर्गात सगळेच नव्वदवाले. तीनशे मुलांच्या बॅचमध्ये कुणीतरी दोनशे बारावं असणारच, आणि त्या मुलाला दहावीला ९२ असू शकतात. दहा वर्षं "हुशार" हीच जिची ओळख होती, तिला दर रविवारी रात्री एक यादी सांगते की तू हुशार नाहीस. अभ्यास झेपत नाही यापेक्षा "मग मी आहे तरी कोण" हा घोर या वयाला जास्त खातो. तुमच्या मुलीचं पैशांबद्दलचं वाक्य मला याच घोरातून आलेलं वाटतं. आपण वसूल होत नाही आहोत, असा हिशोब ती मांडते आहे.

आकड्यांचंच बोलायचं तर तिला एक गोष्ट जरूर दाखवा. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांत २०२४ ला पैकीच्या पैकी मिळवणारी एकाहून जास्त मुलं होती. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. पेपर अवघड निघाला, फिजिक्सने सगळ्यांनाच रडवलं. एका वर्षात देशातली मुलं बिघडली नाहीत. मग एका रविवारी ३१० आणि पुढच्या रविवारी २६५ पडले, तर मुलगी ४५ गुणांनी खाली आली असं घरात कसं काय ठरतं? पेपर कोणता होता, पोर्शन किती होता, हे न बघता नुसता आकडा वाचायचा नाही. हे मुलांच्या आधी पालकांना शिकवावं लागतं.

म्हणून माझं मुख्य म्हणणं असं, की मुलीला प्राणायाम, ध्यान, टाइमटेबल असलं काही शिकवण्याआधी घराची संध्याकाळ बदला. अभ्यासक्रम तुमच्या हातात नाही, परीक्षा नाही, लाखांनी बसणारी मुलं नाहीत. साडेसात ते साडेदहा तुमच्या हातात आहे, आणि ताणाचा मोठा वाटा तिथे तयार होतो.

दार उघडल्यावर तिच्या कानावर पहिलं वाक्य कोणतं पडतं, हे एक आठवडा नुसतं लक्ष ठेवून बघा. बहुतेक घरांत ते "आज काय शिकवलं?", "टेस्टचे मार्क आले का?" किंवा "फोन ठेव आधी" यापैकी एक असतं. पावणेतेरा तास बाहेर काढून आलेल्या माणसाला आपण ऑफिसच्या दारातच हिशोब विचारत नाही. पहिली तीस-चाळीस मिनिटं काही विचारू नका. खायला द्या. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल तर कुकरच्या शिट्ट्या ऐकू द्या.

मार्कांचं बोलणं बंद करा असं मी सांगत नाही. ते शक्यही नाही, आणि मुलांना ते खोटं वाटतं. त्याची वेळ ठरवा. आठवड्यातून एकदा, समजा मंगळवारी जेवणानंतर, वीस मिनिटं. रविवारी रात्री तर नाहीच, कारण तेव्हा जखम ताजी असते. त्या वीस मिनिटांत रँकचं नावही काढायचं नाही, पेपर समोर घ्यायचा. तिने तिच्या हाताने चुकलेल्या प्रश्नांवर खुणा करायच्या: मुळात येतच नव्हतं, येत असून चुकलं, वेळ पुरला नाही. बाजूला बसून तुम्ही एवढंच विचारा, "यातलं या आठवड्यात कोणतं एक धरायचं?" तुम्हाला केमिस्ट्री आली नाही तरी चालतं. उलट नाही आली तर जास्त बरं, म्हणजे तुम्ही शिकवायला जाणार नाही. पुष्कळ मुलांच्या बाबतीत "येत असून चुकलं" हाच ढीग सर्वांत मोठा निघतो, आणि "मला काहीच येत नाही" या वाक्यातली हवा तिथेच थोडी जाते.

पालकांच्या ग्रुपवरची ती यादी. मिस्टरांना सांगा, ग्रुप म्यूट करा आणि यादी उघडू नका, निदान दोन महिने. नातेवाइकांना मार्क पाठवणं बंद. आत्याच्या मुलाचा पर्सेंटाइल जेवताना काढायचा नाही. आणि क्लासला लिहून द्या. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्या कोचिंग क्लासनाही लागू आहेत. गुणांवरून बॅचा पाडणं, मुलांना चारचौघांत कमीपणा आणणं टाळावं, असं त्यात स्पष्ट आहे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असंही आहे. भांडायला जाऊ नका. दोन-चार पालक मिळून अर्ज द्या: आमच्या मुलांचा निकाल फक्त आम्हाला कळवा, आणि समुपदेशक कोण, कधी भेटतात ते सांगा. एकट्या पालकाला ऑफिसमधून बोळवतात, चौघांना बसायला खुर्ची मिळते.

आता दोन ग्रुप. यावर मी जरा कडक बोलणार आहे. पर्याय खुले राहावेत म्हणून पीसीएम (गणिताचा ग्रुप) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) दोन्ही ठेवणं हा बहुतेक वेळा पालकांच्या भीतीचा विमा असतो आणि हप्ता मूल भरतं. दोन्ही झेपणारी, दोन्ही आवडणारी मुलं असतात, पण ती रविवारी सकाळी पोट धरून बसत नाहीत. चार मोठे विषय, त्यात भाषा, प्रॅक्टिकलच्या वह्या, आणि दोन वेगळ्या प्रवेश परीक्षांची तयारी. एवढ्या सगळ्यात तिच्या खांद्यावरून एका फटक्यात उतरवता येईल असं ओझं एकच आहे, ते म्हणजे एक ग्रुप. कोणता, ते तिने ठरवायचं. पंधरा दिवस द्या. रोज कोणत्या विषयाचं पुस्तक न सांगता उघडलं जातं आणि कोणतं दप्तरातच राहतं, एवढी नोंद तिने ठेवली तरी उत्तर दिसायला लागतं. विषय सोडण्याची मुदत आणि अर्जाची पद्धत कॉलेजच्या ऑफिसात आजच विचारून ठेवा, म्हणजे निर्णय झाल्यावर तारीख निघून गेली असं होणार नाही.

झोपेचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडू. रात्री एकला झोपते, सकाळी पावणेसातला घराबाहेर म्हणजे साडेपाचला उठते. साडेचार तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. शिवाय किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे नऊला "झोप" म्हटलं तर तिला खरंच झोप येत नाही. तो हट्ट नसतो. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, म्हणजे ती रात्रीचे जे दोन तास न उलटणाऱ्या पानासमोर घालवते आहे ते दोन्हीकडून वाया. तिच्या वेळापत्रकात नऊ तास बसणार नाहीत हे मलाही दिसतं. पण पावणेअकराला दिवा बंद केला तर पावणेसात तास होतात, आणि साडेचारवरून पावणेसातवर आलेली मुलगी दोन-तीन आठवड्यांत वेगळी दिसते. फोन रात्री तिन्ही माणसांचे बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. फक्त तिचा ठेवून बाबा पलंगावर रील बघत असतील तर हे चार दिवसही टिकत नाही. अलार्मला साधं घड्याळ आणा. दुपारी क्लासमध्ये पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकवता आलं तर टेकवू द्या. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास लक्षात राहतो ही आपल्याकडची आवडती समजूत, पण एकला झोपलेल्या मुलाला ती लागू होत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एकच सांगते, कारण तिचा ताणाशी सरळ संबंध आहे. ज्या मुली "वाचलेलं आठवत नाही" म्हणून रडतात त्यांच्या वह्या बघा. पिवळ्या-गुलाबी रेघांनी भरलेल्या असतात. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, ओळखीचं म्हणजे येतंय असं वाटतं, आणि रविवारी कोरं पान समोर आलं की काहीच सुचत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा अनेकदा वाचला, काहींनी एकदा वाचून पुढे न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४०. तेव्हा एक धडा वाचला की पुस्तक मिटायचं, रफ वहीत आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. सुरुवातीला फार त्रास होतो, कारण आपल्याला किती येत नाही ते घरीच कळतं. पण ते बुधवारी घरी कळलेलं बरं.

रविवार सकाळसाठी थोडं. पोट रिकामं नको, जडही नको. मऊ भात-दही, केळं, जे जाईल ते. कॉफी नको, मळमळ वाढते. निघण्याआधी दहा मिनिटं एका कागदावर मनात जी भीती आहे ती जशीच्या तशी लिहून काढायची: नापास होईन, बाबा बोलतील, सगळे हसतील. मग कागद फाडून टाकायचा, कुणी वाचायचा नाही. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात परीक्षेआधी असं लिहिणाऱ्या, परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले होते. पेपर हातात आल्यावर डोकं कोरं झालं तर पेन खाली ठेवायचं, श्वास चार आकड्यांत घ्यायचा आणि सात-आठ आकड्यांत सोडायचा, पाच-सहा वेळा. सोडणं लांब असलं की हृदयाचे ठोके उतरतात. मग पहिल्या प्रश्नापासून न जाता, येणारा एक प्रश्न शोधून तो सोडवायचा. ही सवय घरी शांत असताना करून ठेवावी लागते, परीक्षेत पहिल्यांदा करून जमत नाही.

मिस्टरांबद्दल. "सगळीच मुलं करतात" म्हणणारे बाबा कठोर असतात असं मला वाटत नाही, ते बहुतेक घाबरलेले असतात. दोन वर्षांची फी एकदम भरलेली, कदाचित कर्ज काढलेलं, आणि मुलगी रडते आहे. "तुझ्यासाठी एवढे पैसे भरलेत" हे वाक्य घरात झालं असेल तर तिचं ते उत्तर कुठून आलं हे कळायला तज्ज्ञ नको. त्यांनी, तुम्ही नव्हे, तिला एकदा सांगावं: "फी भरायची की नाही हे आम्ही ठरवलं. तो आमचा निर्णय. तू ती फेडायला बसलेली नाहीस." बाबांना बोलता येत नसेल तर स्कूटरवरून क्लासला सोडताना सांगा म्हणावं. समोरासमोर नसलं की बापलेकींना सोपं जातं.

आणि दुसऱ्या वाटांची माहिती आत्ताच, नापास होण्याआधी, कागदावर घ्या. सांत्वन म्हणून नाही, प्रवेश कसा मिळतो त्या तपशिलासकट. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी या वाटा तिथून जातात. नर्सिंग, फिजिओथेरपी, साधी बीएस्सी आहे. अकरावीतच कॉमर्सला किंवा आर्ट्सला वळलेली, आणि आता छान चाललेली मुलं मी पाहते. बारावीत विषय राहिला तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. पालकांना वाटतं, हे सांगितलं की मूल ढिलं पडेल. माझा अनुभव उलटा आहे. एकच दार आहे असं वाटणारी मुलं दाराकडे बघत बसतात.

हे सगळं करून साधारण तीन-चार आठवड्यांत रविवारचं पोट शांत व्हायला लागलं पाहिजे. झालं नाही, वजन उतरत राहिलं, मैत्रिणींचे फोन घेईनाशी झाली, आवडतं असायचं तेही नको झालं, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि यातली शेवटची गोष्ट दिसली तर आठवडेही मोजू नका. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथूनही सुरुवात करता येते. जाताना झोपेच्या वेळा, पाळीच्या तारखा, पोट दुखल्याचे दिवस आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या. कुठे चाललो आहोत ते तिला खरं सांगून न्या, "डोळे तपासायला" म्हणून नको. आणि आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. तुम्ही दोघं बाहेर बसा.